बुधवार देणारी बाई

ज्या कॉलेजात मी एक दिवसही शिकलो नाही, पण ज्याच्या गेटावर घोषणा देऊन देऊन माझा घसा कायमचा बसला, त्या कॉलेजच्या रसायनशाळेत एका बाईनं एकतीस वर्षं काच धुतली. बीकर, फ्लास्क, नळ्या, मोजपात्रं. सात प्राचार्य आले आणि गेले, इमारतीला चार वेळा रंग लागला, पण बाई त्याच बेसिनपाशी, त्याच खिडकीखाली. सगळे तिला काचमावशी म्हणायचे. पगारपत्रकावर तिचं वेगळं नाव होतं, पण ते तिला स्वतःलाही फक्त सही करताना आठवायचं.

माझी ती सख्खी मावशी नव्हे. आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहायची. आई कामावर गेली की मी तिच्या ताब्यात. सातवीत मी शाळा सोडली तेव्हा तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा माझ्यासमोर आदळला. "शाळा सोडलीस, डोळे नाही ना सोडलेस? वाच." त्या गठ्ठ्यावर मी शिकलो. कायदा, अर्ज, माहिती कशी मागायची, साहेबाला कुठे चिमटा काढायचा, सगळं. मला ती भडक्या म्हणते. का ते मी सांगत नाही. पुढे कळेलच.

तिचं काम बघायला मी लहानपणी जायचो. काच स्वच्छ झाली हे ओळखायची तिची एक रीत होती. धुतलेल्या फ्लास्कमध्ये पाणी भरायचं, ओतून टाकायचं आणि फ्लास्क खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. आतल्या बाजूनं पाणी सलग, पडदा सरकावा तसं खाली उतरलं तर काच स्वच्छ. कुठे एखादा थेंब अडून बसला की तिथे मळ आहे, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. "पुन्हा," ती स्वतःलाच म्हणायची आणि ब्रश उचलायची. एक फ्लास्क तिनं माझ्यासमोर पाच वेळा धुतला होता. मी म्हटलं, "मावशी, कोण बघतंय?" ती म्हणाली, "मी बघतेय की. मी काय कोणी नाही?"

एकतीस वर्षं बेसिनपाशी उभं राहून तिला टेबलावरचं सगळं कळायला लागलं होतं. कोणत्या द्रावणात काय घातलं की रंग कधी बदलतो, मुलं कुठे घाई करतात, कोणाचा हात जड आहे. एकदा एक मुलगा थेंब थेंब सोडत होता, आणि मावशी पाठमोरी असतानाच बोलून गेली, "झालं रे, थांब आता, एक थेंब जास्त गेला." मुलानं बघितलं तर खरंच गेला होता. सर हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, तुमचं काम काचेचं. टेबलाचं आम्ही बघतो." ती म्हणाली, "होय सर." बस. हे मला तिनं वीस वर्षांनी सांगितलं, भाजी चिरता चिरता, जणू काही दुसऱ्याच कोणाची गोष्ट आहे. माझं डोकं असं फिरलं की मी उठून चपला घालायला लागलो. "बस खाली," ती म्हणाली. "सर वारले त्याला आठ वर्षं झाली. कोणाला जाऊन भांडणारेस?"

आता मुद्द्यावर येतो. दर वर्षी परीक्षा संपायच्या आधी रसायनशाळेबाहेरच्या फळ्यावर एक कागद लागायचा. सुट्टीत दोन महिने अमक्या प्रयोगशाळेत, तमक्या कारखान्यात, कोणत्या तरी कार्यालयात शिकाऊ म्हणून काम करायची संधी. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की मानधन नाही. वर मोठ्या अक्षरात, अनुभव अमूल्य. अमूल्य म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्याची किंमत द्यायची नसते त्याला हे लोक अमूल्य म्हणतात.

त्या कागदाखाली कोण नाव लिहितं आणि कोण लिहीत नाही, हे मावशी खिडकीतून बघायची. ज्यांच्या घरी सुट्टीतल्या पगाराची वाट बघणारं कोणी नाही, ती मुलं लिहायची. बाकीची कागद वाचायची, पुन्हा वाचायची आणि गोदामात, दुकानात, बेकरीत कामाला जायची. तीन-चार वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न, "आधी कुठे काम केलंय?" गोदामात पोती मोजली असं कोण सांगणार? पाच वेळा फ्लास्क धुणाऱ्या बाईला हे दिसत होतं. तिथे थेंब अडून बसलाय, हे तिला कळत होतं.

ती निवृत्त झाली त्या दिवशी जुने विद्यार्थी जमले. कोणी डॉक्टर, कोणी औषधं विकणारा, एक तर परदेशातून आला होता. सगळ्यांनी मिळून तिला सोन्याची बांगडी द्यायचं ठरवलं होतं. मावशी उभी राहिली. माईक तिनं हातात घेतला नाही, तिला तशी गरजच नव्हती.

"बांगडी घालून मी कुठे मिरवू? बेसिनमध्ये निसटून जाईल. मला दिवस द्या."

लोकांना वाटलं, म्हातारी भावुक झाली. पण ती पूर्ण तयारीनं आली होती. पोर शिकाऊ म्हणून जाणार, तेव्हा तिची सुट्टीतली मजुरी बुडणार. ती मजुरी आपण भरायची. पण एकगठ्ठा देणगी नाही. प्रत्येकानं आठवड्यातला एक वार घ्यायचा. सोमवार घेतला तर दोन महिन्यांतले सगळे सोमवार त्याचे. त्या दिवसाची मजुरी, ती पोर जिथे काम करायची तिथे मिळायची तेवढीच, कमी नाही की जास्त नाही. देणाऱ्याचा फोटो लागणार नाही, नावाची पाटी लागणार नाही. त्या बदल्यात पोर त्या दिवशी संध्याकाळी त्याला एक कार्ड लिहील, आज मी काय शिकले. चार ओळी. बस.

"आणि मध्यावर आमच्यापैकी कोणीतरी जाऊन बघणार," मी मागून ओरडलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी होतो. प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, "साहेब, पोर आमची, दिवस आमचे, बघायला नको?" तो नियम मी भांडून कागदावर घालून घेतला. त्याचा मला अजून अभिमान आहे, आणि तो पुढे कामाला आला, म्हणून सांगतोय.

पहिल्या वर्षी फक्त एकाच पोरीपुरते दिवस जमले. सोमवार घेतला कॉलेजसमोरच्या सलूनवाल्यानं. त्याच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते. म्हणाला, "माझा दिवस रिकामाच जातो, कोणाच्या तरी कामाला येऊ दे." मंगळवार टेलरबाईनं घेतला, जिनं एकतीस वर्षं मावशीचे ॲप्रन शिवले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार जुन्या विद्यार्थ्यांनी. आणि बुधवार मावशीनं स्वतः. पेन्शनमधून. मी म्हटलं, "तू कशाला? योजना तुझी, डोकं तुझं, वर पैसेही तुझेच?" ती म्हणाली, "मग मला कार्ड कसं येईल?"

पोर कोण, तर भिंगरी. तिची आई पिशव्या शिवायच्या कारखान्यात, धाकटे दोन भाऊ शाळेत. भिंगरी कॉलेजात शेवटच्या बाकावर नव्हे, पहिल्या बाकावर, आणि सुट्टीत बेकरीत, पाव भरायच्या टेबलावर. एका जागी ती कधी दिसायचीच नाही, म्हणून भिंगरी. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या तपासणी प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. आठ आठवडे, बिनपगारी.

तिच्या आईला पटवायला आम्ही दोघं गेलो. आई मशीनवर बसल्या बसल्याच बोलली, सुई थांबवली नाही.

"फुकटचे पैसे नकोत आम्हाला."

"फुकटचे कोण देतंय?" मावशी म्हणाली. "पोर रोज कामाला जाणार. काम एकाकडे, पगार दुसऱ्याकडून, एवढंच."

"आणि उद्या तो दुसरा म्हणाला, नाही देत?"

"तर माझं दार माहितीये तुला. येऊन वाजव. हा भडक्याही तिथेच असतो."

"ह्यांना मी ओळखते," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "ह्यांनी आमच्या कारखान्यात संप केला होता. तीन दिवसांचा पगार गेला."

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यात असे प्रसंग कमी.

शेवटी आई तयार झाली, एका अटीवर. पैसे शनिवारी संध्याकाळीच हातात पडले पाहिजेत, बेकरीत पडायचे तसे. शनिवार म्हणजे शनिवार. मावशीनं आठ शनिवार स्वतः जिना चढून ते नेऊन दिले. गुडघे दुखत असताना.

जायच्या आधी मावशीनं भिंगरीला घरी बोलावून शिकवलं. काय, तर काच कशी धुवायची. स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये, घरचे ग्लास आणि कॉलेजातून मागून आणलेले दोन चिरा गेलेले फ्लास्क. आधी साध्या पाण्यानं, मग ब्रश, मग विरळ ॲसिडनं खळबळून, मग तीनदा शुद्ध पाण्यानं. मग उजेडाकडे धरायचं. "तिथे गेल्यावर कोणी म्हणू नये की पोरीला काच हाताळता येत नाही," मावशी म्हणाली. भिंगरीनं चार दिवसांत ते असं उचललं की मावशीच्या चेहऱ्यावर मी प्रथमच तसलं हसू बघितलं. एखाद्या गवयाला शिष्य मिळावा तसं.

आणि इथेच घोळ झाला. ह्या बाईनं एकतीस वर्षांची सगळी पुंजी पोरीच्या हातात दिली, आणि त्याच हातांनी पोरीला बांधून टाकलं.

तीन आठवडे उलटल्यावर, एका सोमवारी टेलरबाई तणतणत जिना चढून आली. हातात तीन कार्डं.

"काचमावशी, हे बघा. माझा पहिला मंगळवार, 'आज साठ बाटल्या धुतल्या, सगळ्यांनी कौतुक केलं.' माझा दुसरा मंगळवार, 'आज सत्तर बाटल्या धुतल्या आणि दोनदा चहाचे कप.' माझा तिसरा मंगळवार, 'आज सगळ्यांचा चहा मीच केला.' मी चहासाठी दिला होता का मंगळवार? चहा तर मी घरीही करते!"

मावशीनं तिची कार्डं घेतली. मग कपाटातून आपली काढली. तिन्ही बुधवारी तेच. बाटल्या, बाटल्या, बाटल्या. शेवटी दर वेळी एक ओळ, "मावशी, तुमच्यासारखी धुते. कोणी नाव ठेवत नाही." मावशीला त्या ओळीचा आनंद झाला होता, म्हणून तिला बाकीचं दिसलं नव्हतं. हे ती बोलली नाही. पण कार्ड धरलेला हात खाली आला, आणि मला समजलं.

माझा पारा चढलाच. "बघितलंस? फुकटात मोलकरीण मिळाली त्यांना! उद्या सकाळी गेटावर दोनशे माणसं उभी करतो. बिनपगारी शोषण बंद करा! फलक तयार आहेत माझ्याकडे, फक्त खात्याचं नाव बदलायचं."

"आणि पोरीला परवापासून गेटाबाहेर ठेवतील," मावशी म्हणाली. "तिला शेवटी पत्र मिळायचंय, हिनं इथे काम केलं म्हणून. काय काम केलं ते लिहिणार आहेत त्यात. 'हिनं बाटल्या धुतल्या' असं लिहून आलं तर ती बेकरीत गेली असती तर काय वाईट होतं? तिथे पाव तरी खायला मिळायचा." मग कार्डाकडे बघून, "मीच नेऊन उभी केली तिला बेसिनपाशी. मी."

एवढ्यात सलूनवाला आला. तो सोमवारी संध्याकाळी यायचाच, मावशीकडे चहा प्यायला, कार्ड वाचून दाखवायला. त्याला वाचून दाखवायची भारी हौस. त्या दिवशी मात्र तो गोंधळलेला.

"मावशी, माझे सोमवार सगळे सारखेच कसे?"

"तुझ्यातही बाटल्याच असतील," टेलरबाई म्हणाली.

"बाटल्या आहेतच. पण शेवटी बघा." त्यानं वाचलं. पहिला सोमवार: "आज टेबलावर साध्या पाण्याची बाटली थोडी निळी झाली." दुसरा सोमवार: "आज पुन्हा साधं पाणी निळं. साहेब म्हणाले, वजा करून टाकू." तिसरा, गेल्या आठवड्यातला: "आज पण निळं. इतर दिवशी नसतं. का ते कळत नाही." त्यानं मान वर केली. "आता मला सांगा, माझ्याच वाट्याला निळं पाणी का? मी काय पाप केलंय?"

टेलरबाई हसली. मीही हसलो. मावशी हसली नाही. ती उठून खिडकीशी गेली, खिडकीत काही नसताना.

मला नंतर तिनं समजावलं ते तुम्हालाही सांगतो, सोपं आहे. पाण्यात साबणाचा आणि खताचा अंश किती आहे हे बघायची एक तपासणी असते. औषध घातलं की जेवढा अंश तेवढं पाणी निळं होतं. सोबत एक बाटली शुद्ध पाण्याची ठेवतात. ती निळी होता कामा नये. झालीच, तर पाण्यात दोष नाही, बाटलीत आहे. साबण राहिलाय. वजा करायचं म्हणजे त्या बाटलीची निळाई बाकीच्यांच्या आकड्यातून कमी करायची, बाटली तशीच मळकी.

"रविवारी भिंगरीला सुट्टी असते," मावशी खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "रविवारी काच कोण धुतं?"

भिंगरीला निरोप धाडला. ती धावतच आली, जिना दोन-दोन पायऱ्यांनी. मावशीनं सगळी कार्डं टेबलावर मांडली होती, आठवड्यांच्या ओळीनं. मला वाटलं आता ती उत्तर सांगेल. तिला ते माहीत होतं, माझ्यासमोर तिनं तोंडातल्या तोंडात म्हटलंही होतं. पण ती फक्त म्हणाली, "वाच. सोमवार वाच, मग मंगळवार वाच."

भिंगरीनं वाचलं. पुन्हा वाचलं. स्वतःच लिहिलेलं ती पहिल्यांदा एकत्र बघत होती. तिचं बोट पहिल्या सोमवारवरून दुसऱ्यावर गेलं आणि थांबलं.

"रविवारी मी नसते," ती हळूच म्हणाली. "रविवारचे काका पावडरीनं धुतात. ॲसिड नाही लावत." मग एकदम, "मावशी! त्यांच्या बाटल्यांत साबण राहतो! पूर्वी रोजच राहत असणार! म्हणून साहेबांना वजा करायची सवय लागलीय! ते गेली कित्येक वर्षं साबण वजा करतायत!"

मी टाळी वाजवली. सलूनवाल्यानं माझ्या पाठीत थाप मारली, इतक्या जोरात की माझ्या हातातला कप हिंदकळला. "माझ्या सोमवारानं काढलं हे!"

"कोणी काढलं?" मावशी म्हणाली.

"हिनं. पण माझ्या सोमवारी."

मग भिंगरीचा चेहरा उतरला. "पण मी कसं सांगू? काका कायमचे आहेत. मी दोन महिन्यांची. बेसिनवरची पोर साहेबांची चूक काढते म्हणतील. परवा नका येऊ म्हणतील."

मी म्हटलं, "मी सांगतो. मला कोण घालवणार?"

"तू नाही," मावशी म्हणाली. "आपण तिला दिवस दिलेत. तिची जीभ तिच्याकडेच राहू दे." आणि भिंगरीला, "मध्यावर बघायला यायचा नियम आहे ना? शुक्रवारी येतोय आम्ही. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. एक शब्द बोलणार नाही. बोलायचं तू."

शुक्रवारी मावशीनं चांगली साडी नेसली आणि माझ्याकडून वचन घेतलं की मी तोंड उघडणार नाही. मी दिलं. किती अवघड गेलं ते मला माहीत.

प्रयोगशाळा लांबलचक होती. उजव्या हाताला बेसिन, डाव्या हाताला टेबलं, मध्ये पांढऱ्या फरशीची वाट. मोठ्या मॅडम, म्हणजे तिथल्या प्रमुख, आमच्याकडे बघून हसल्या. चांगल्या बाई होत्या, ते मला नंतर मान्य करावं लागलं.

"या आजी. तुम्ही हिच्या आजी का?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी हिचा बुधवार."

मॅडमना काही कळलं नाही. भिंगरीनं घाईघाईत समजावलं, वारांचं, कार्डांचं. मॅडमचं हसू जरा बदललं. "असं आहे होय! पोर गुणी आहे हो तुमची. काच तर अशी धुते, आमच्याकडे एवढ्या वर्षांत कोणी धुतली नाही. आम्ही तर म्हणतो, हिला सोडायचंच नाही बेसिनवरून."

माझ्या तोंडाशी आलं होतं. मावशीनं माझ्या पायावर पाय दिला. वहाणेसकट.

आणि भिंगरी बोलली. सुरुवातीला आवाज कापत होता. "मॅडम, मला एक तपासणी करून बघायचीय. दोन बाटल्या. एक मी धुतलेली, एक मागच्या रविवारच्या रॅकमधली. दोन्हींत शुद्ध पाणी. औषध तेच." चष्मेवाले साहेब टेबलामागून म्हणाले, "कशाला? थोडं निळं येतंच, वजा करतो आपण." भिंगरीनं ॲप्रनच्या खिशातून तीन कार्डं काढली आणि टेबलावर ठेवली. सलूनवाल्याचे तीन सोमवार. त्यानं ते दिले होते, पण परत करायच्या अटीवर. "सर, फक्त सोमवारीच येतं," ती म्हणाली. आता आवाज कापत नव्हता.

मॅडमनी कार्डं वाचली. मग स्वतः उठून रविवारच्या रॅकमधली बाटली आणली आणि भिंगरीला म्हणाल्या, "कर."

मावशी त्या पांढऱ्या फरशीवर उभी होती, बेसिन आणि टेबल यांच्या बरोबर मध्ये. पोरीनं मोजनळी हातात घेतली, द्रावण ओढलं, रेघेशी डोळा आणला. एकतीस वर्षं जे ह्या बाईनं दुसऱ्यांना करताना बघितलं होतं, ते तिच्याच हातचं शिकलेली पोर करत होती. मावशीचे ओठ हलत होते. थांब, थांब, आता. भिंगरी त्याच क्षणी थांबली. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही.

दहा मिनिटं वाट बघायची असते. एक बाटली तशीच राहिली, नितळ. दुसरी हळूहळू निळसर झाली.

चष्मेवाल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मॅडम म्हणाल्या, "किती वर्षं?" साहेब म्हणाले, "मी आलो तेव्हापासून वजा करतोय." मॅडमनी डोक्याला हात लावला. मग वळून भिंगरीला, "तू इतके आठवडे बेसिनवर काय करत होतीस?"

"तुम्हीच ठेवलं होतं, मॅडम."

मी वचन मोडलं नाही. पण खोकलो. मोठ्यानं.

रविवारचे काका त्या दिवशी कामावरच होते, दाराशी उभे, पांढरेफटक. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. मला वाटलं, आता याची धुलाई होणार. मावशी त्यांच्याकडे चालत गेली.

"ॲसिडनं खळबळायचं असतं, हे कोणी शिकवलं होतं तुम्हाला?"

"नाही बाई. आलो त्या दिवशी पावडर दिली, ब्रश दिला. म्हणाले, धू."

"मग चूक तुमची नाही." तिनं पदर खोचला आणि बेसिनपाशी गेली. "या इकडे. आणि साहेब, तुम्हीही या. मॅडम, तुम्हीही बघा." आणि त्या चांगल्या साडीत, निवृत्त झालेल्या त्या बाईनं सरकारी प्रयोगशाळेच्या प्रमुखाला, तपासनिसाला आणि काकांना काच धुवायला शिकवलं. फ्लास्क उजेडाकडे धरून. साहेबांचा पहिला फ्लास्क तिनं परत दिला. "पुन्हा." दुसराही दिला. साहेब तिसऱ्यांदा धुवायला लागले तेव्हा मला माझं सगळं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून तिथे नियम झाला, ज्यानं वापरली त्यानं धुवायची, मॅडमसकट. भिंगरी टेबलावर गेली. चहा कोण करायला लागलं ते मी विचारलं नाही, पण टेलरबाईनं विचारलं. साहेब करतात म्हणे, आणि फार पातळ करतात.

मग मावशीचं बुधवारचं कार्ड आलं. "आज बारा नमुने तपासले. नोंदवहीत 'तपासणारी' ह्या रकान्यात माझी सही आहे. बाटल्या मीच धुतल्या होत्या, माझ्या बारा." मावशीनं ते मला वाचायला दिलं आणि भाजी चिरायला लागली. मग म्हणाली, "दे इकडे, ओलं करशील." माझे डोळे कोरडे होते. तिचे काय होते ते मी लिहीत नाही.

भिंगरीला पत्र मिळालं. त्यात मॅडमनी काय काय लिहिलं ते तिच्या आईनं मशीन थांबवून ऐकलं. मशीन थांबवून! दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत तिला पगारी जागा मिळाली. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी ती मावशीकडे आली. आता दर वर्षी चार-चार मुलं जातात. दिवस देणाऱ्यांची रांग लागते. सलूनवाला सोमवार कोणालाच देत नाही आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला, वस्तरा गळ्याशी असताना, निळ्या पाण्याची गोष्ट सांगतो, म्हणजे उठून जायची सोय नाही.

"मावशी," त्या पगाराच्या संध्याकाळी भिंगरी म्हणाली, "ह्या वर्षी बुधवार मी घेते. तुम्ही आता आराम करा."

मावशीनं तिच्याकडे असं बघितलं की माझ्यासारखा माणूसही दोन पावलं मागे सरकला.

"बुधवार माझा आहे," ती म्हणाली. "शुक्रवार रिकामा आहे, तो घे. आणि कार्ड नीट वाचत जा. शेवटची ओळ सोडून बाकीचं आधी वाच."